लुगड्यातल्या बाहुल्या आणि दोन ओळखपत्रे

भाऊबीज होऊन पाच दिवस झाले होते. २० नोव्हेंबर २०२३ रोजी सकाळी पुण्यातील एका दुकानातून फोन आला आणि चाळीस बाहुल्यांची जी मागणी आम्ही दीड महिन्यापासून पुरी करत आणली होती, ती जागच्या जागी थांबली. दुकानदार अतिशय सौजन्याने बोलत होते. बाहुल्या त्यांना आवडल्या होत्या आणि दरही ठरला होता. परंतु आयएसआय चिन्ह नसलेली खेळणी आपल्याला दुकानात ठेवता येत नाहीत, तेव्हा तसा परवाना किंवा त्यातून सूट असल्याचा कागद असेल तर पाठवा, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे दोन्ही नव्हते. त्या वेळी सव्वीस बाहुल्या शिवून तयार होत्या आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, ओसरीवर बसून सत्ताविसावीची वेणी घालत होत्या.

तिथून कागद हाती पडेपर्यंत आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत काय काय करावे लागले, कोठे अडले आणि किती पैसे लागले, ते मी क्रमाने लिहीत आहे, कारण हातात अशी कला असूनही कागदपत्रांच्या धास्तीने ती घराबाहेर न काढणाऱ्या कितीतरी बायका मला या काळात भेटल्या.

आधी बाहुल्यांविषयी सांगायला हवे. त्या मूळच्या माझ्या आजेसासूबाईंच्या. कृष्णाकाठच्या आमच्या या घरात लुगडे विरले की त्याची गोधडी होई आणि गोधडीतून उरलेल्या तुकड्यांची बाहुली. पण आजींची बाहुली नुसती बाहुली नसे, ती कोणत्या ना कोणत्या गोष्टीतली असे. चिऊ आणि काऊ, त्यांची मेणाची आणि शेणाची घरे, चातुर्मासातल्या कहाण्यांमधली आवडती आणि नावडती राणी, भोपळ्यात बसून जंगल पार करणारी म्हातारी. यांतल्या म्हातारीवर आमच्या घराचा विशेष जीव आहे. ती दोन टोकांची असते. एका टोकाला लेकीकडे निघालेली, गालफडे बसलेली, वाळकी म्हातारी. आणि लुगड्याचा घोळ उलटा केला की दुसऱ्या टोकाला तूपरोटी खाऊन गुबगुबीत झालेली तीच म्हातारी. गोष्ट सांगता सांगता आजी नेमक्या जागी बाहुली उलटी करीत आणि ऐकणारी मुले दर वेळी तितकीच चकित होत, असे माझे यजमान सांगतात. भोपळा वेगळा असतो. हळदी रंगाच्या कापडाचा गोळा करून त्याला वरून खाली दोरा ओढून आठ फाकी पाडायच्या आणि देठाच्या जागी सुपारीएवढी गाठ मारायची.

अंग मांजरपाटाचे, आत सावरीचा कापूस, उंची नऊ इंच. नाक वेगळे लावत नाहीत. चेहरा भरून झाला की आतल्या कापसाची चिमूट सुईने पकडून वर ओढायची आणि दोन्ही अंगांनी दोन दोन बारीक टाके घालून ती तिथेच बसवायची. हे दोन टाके जमले की चेहऱ्यात जीव येतो. चुकले की बाहुली रुसल्यासारखी दिसते आणि मग सगळे उसवावे लागते. प्रत्येक बाहुलीच्या लुगड्याच्या काठाआड तांबड्या दोऱ्याची एक फुली असते. आजींना अक्षरओळख नव्हती, तेव्हा ती त्यांची सही. आई या घरात आल्या आणि बाहुल्या करू लागल्या तेव्हापासून त्या फुलीशेजारी दुसरी फुली घालू लागल्या. आजी २००९ मध्ये गेल्या, तरी आईंनी पहिली फुली घालणे सोडलेले नाही.

सणांचे जिन्नसही याच पेटीतले. भोंडल्यासाठी पाटावर मांडायचा कापडी हत्ती, दिवाळीच्या किल्ल्यावरचे वीतभर मावळे, गौरींच्या मागे लावायचे खणाचे तोरण, बारशासाठी पाळण्यावरचे चिमणाळे आणि पौषात हलव्याचे दागिने. सावंतवाडीच्या चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांना गावाचे नाव लाभले आहे आणि गिऱ्हाईक त्या नावाने ती शोधत येते. आमच्या बाहुल्यांना नाव होते ते फक्त आळीपुरते. ओळखीच्या घरांत बारसे किंवा मुंज निघाली की निरोप येई आणि आई करून देत. २०२३ च्या जून महिन्यात आईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले आणि त्यांनी मला पेटीची किल्ली दिली. “कापणं-भरणं तू कर, चेहरे मी करीन,” एवढेच त्या म्हणाल्या. पुण्याच्या दुकानाची मागणी आम्ही दोघींनी त्या वाटणीवरच घेतली होती.

फोन आला त्या दिवशी मी फार खचले होते हे कबूल करते. खेळण्यांना मानकचिन्ह लागते हे मी ऐकलेही नव्हते. रात्री मुलीच्या मदतीने मूळ आदेश शोधून वाचला. केंद्र सरकारचा खेळणी गुणवत्ता नियंत्रण आदेश २०२० सालचा आहे आणि तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यासाठी केलेल्या वस्तूंना तो लागतो, आणि कापडी बाहुली त्यात येतेच. अशा खेळण्यांना आयएस ९८७३ या मानकाच्या कसोट्या लावतात: भाग तुटून सुटतात का, कापड किती लवकर पेटते, रंगातून घातक धातू बाहेर पडतात का. कसोट्या योग्यच आहेत. पण त्यासाठीचा परवाना, चाचण्या आणि त्यांचे शुल्क हे कारखान्याच्या मापाने बेतलेले आहे, ओसरीवरच्या दोन बायकांच्या मापाने नाही.

त्याच आदेशात डिसेंबर २०२० मध्ये झालेली दुरुस्ती दुसऱ्या रात्री सापडली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांच्याकडे नोंदणी झालेल्या कारागिरांनी तयार केलेल्या आणि विकलेल्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंचे नोंदणीकृत मालक आणि अधिकृत वापरकर्ते यांनाही ती आहे. म्हणजे आम्हाला लागणारा कागद होता कारागिराच्या नोंदणीचा, ज्याला ‘पहचान’ ओळखपत्र म्हणतात. हे वाचून मी दुकानदारांना फोन केला. त्यांनी मागणी रद्द न करता कागद येईपर्यंत थांबायची तयारी दाखवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्या दुरुस्तीतील ‘तयार केलेल्या आणि विकलेल्या’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. आई म्हणाल्या, “तुझ्याच नावावर काढ. पळापळ तू करणार, मला या वयात कार्ड काय करायचंय?” घरातल्या सगळ्यांचे मत तेच पडले. मला ते पटले नाही. कार्ड फक्त माझ्या नावावर निघाले असते तर आईंनी केलेल्या चेहऱ्यांच्या बाहुल्या माझ्या म्हणून विकल्या गेल्या असत्या. ते नियमाला धरून झाले नसते आणि मुख्य म्हणजे ते खरे नव्हते. काठाआड ज्यांची फुली आहे त्यांचे नाव कागदावर नको, आणि जिला अजून नाक धड बसवता येत नाही तिचे हवे, हे मला सहन होण्यासारखे नव्हते. या नोंदणीत घरटी एकच कार्ड अशी अट नाही, तेव्हा दोन अर्ज करायचे असे मी ठरवले. आई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून आपले आधार कार्ड आणि पासबुक काढून माझ्यापुढे ठेवले.

५ डिसेंबर रोजी मी एकटी हस्तशिल्प विभागाच्या सेवा केंद्रात चौकशीला गेले. एसटीने अडीच तास लागतात. बायकांना अर्धे तिकीट असल्यामुळे मला जाण्याचे पंच्याण्णव आणि येण्याचे पंच्याण्णव रुपये पडले. अर्ज ऑनलाइनही भरता येतो, पण कापडी बाहुली कोणत्या प्रकारात बसते हे मला समक्ष विचारायचे होते आणि ते विचारले हे बरे झाले. मी मनात ‘शिवणकाम’ असे लिहायचे ठरवले होते. तिथल्या बाईंनी मी नेलेली म्हातारी उलटीसुलटी करून पाहिली आणि सांगितले की ‘बाहुल्या व खेळणी’ हा स्वतंत्र प्रकार आहे, तोच लिहा, नाहीतर उद्या सूट मागताना अडचण येईल. त्यामुळे पहिल्याच खेपेला एक तयार वस्तू बरोबर न्यावी, असे मी सर्वांना सांगते. तोंडी वर्णनाने जे कळत नाही ते वस्तू हातात दिली की लगेच कळते. अर्जाला शुल्क नाही. कोणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

अडले ते नावावर. आईंच्या आधार कार्डावर नावापुढे ‘बाई’ आहे आणि बँकेच्या पासबुकावर ते नाही. पासबुकावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंगही वेगळे. अर्ज अशा फरकावर परत येतो, हे केंद्रातच सांगितले होते. घरी सगळे म्हणाले की आधार बदलून घ्या. पण आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि आईंच्या मतदार ओळखपत्रावर, शिधापत्रिकेवर आणि कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांवर ‘बाई’ असलेलेच नाव आहे. एक बदलले असते तर बाकी तीन बिघडली असती. म्हणून आम्ही आधारला हात न लावता बँकेत अर्ज दिला आणि पासबुक दुरुस्त करून घेतले. आधी सगळे कागद टेबलावर ओळीने मांडून कोणते नाव सर्वांत जास्त ठिकाणी आहे ते पाहावे आणि बाकीचे त्याच्या वळणावर आणावेत. बँकेला पैसे पडले नाहीत, पण तीन आठवडे आणि चार खेपा गेल्या. दर खेपेला आईंना तास-दीड तास बाकावर बसून राहावे लागे. एकदा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “आमच्या सासूबाईंचं बरं होतं, एक फुली घातली की झालं.”

मधल्या काळात पौष आला. संक्रांत १५ जानेवारीला होती आणि पाच नव्या सुना व तीन बोरन्हाणे यांचे दागिने करायचे होते. हलवा पहाटेच्या थंडीत केला तरच त्याला चांगला काटा येतो. परातीत साबुदाणा किंवा तीळ घेऊन, खाली मंद आच ठेवून, चमचा चमचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचे, आणि घाई केली की दाणे एकमेकांना चिकटून बसतात. त्या पंधरा दिवसांत कागदांचा विचार करायला फुरसत नव्हती आणि त्याचे मला बरेच वाटले. या दागिन्यांतला हलवा मुले नंतर खातातच, म्हणून मी अन्न सुरक्षा खात्याची लहान व्यावसायिकांसाठीची नोंदणीही करून घेतली. तिला वर्षाला शंभर रुपये पडले आणि ती बाकी सगळ्यापेक्षा सोपी निघाली.

२३ जानेवारीला दोघींचे अर्ज दिले. आधार, पासबुकाची प्रत, छायाचित्रे आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक एवढेच मुख्य लागले. आईंचा क्रमांक यजमानांच्या जुन्या मोबाइलला जोडलेला होता, तेव्हा तो मोबाइल चार्ज करून बरोबर नेला होता. संकेतांक त्याच मोबाइलवर आला. १३ फेब्रुवारीला दोघींना प्रात्यक्षिकासाठी बोलावले.

आदल्या रात्री आई अस्वस्थ होत्या. बाहुलीची त्यांना काळजी नव्हती. सुई ओवता येत नाही, याची होती. चारचौघांत सुई ओवायला दुसऱ्याला द्यावी लागली तर हिला काय येणार असे म्हणतील, असे त्यांच्या मनाने घेतले होते. मी बसून वीस सुया ओवल्या. आठ काळ्या दोऱ्याच्या, आठ पांढऱ्या आणि चार तांबड्या. त्या सुया टोचायच्या छोट्या गादीत रंगवार खोचल्या आणि कोणत्या बाजूला कोणता रंग आहे हे आईंनी बोटांनी चाचपून पाठ केले.

केंद्रात आम्ही धरून अकरा जण होतो. कोणी बुरूड होते, कोणी कोल्हापुरी वहाणा करणारे होते, एक तरुण जोडपे मातीचे काम करणारे होते. आईंची पाळी आली तेव्हा त्यांनी आधीच भरलेले डोके हातात घेतले आणि डावीकडची पांढऱ्या दोऱ्याची सुई उचलली. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तो टाका दिसत नव्हता, हे मला ठाऊक होते. त्या अंगठ्याने नाकाची चिमूट चाचपत होत्या आणि त्या अंदाजावर सुई पलीकडे काढत होत्या. दोन टाके या अंगाला, दोन त्या अंगाला. अधिकारी खुर्ची पुढे ओढून बघत राहिले. मग त्यांनी अर्जातला रकाना वाचून विचारले, “आजी, हे काम किती वर्षांपासून करता?” आई म्हणाल्या, “लग्नानंतरच्या दुसऱ्या गौरी आल्या, तेव्हापासून.” लग्न १९७२ चे. अधिकाऱ्यांनी बोटांवर हिशेब केला आणि रकान्यात ५० लिहिले. त्यांनी तयार वस्तूंची आणि काम करत असलेल्या आईंची छायाचित्रे घेतली. पुरावा म्हणून जुनी बाहुली आहे का, असे विचारल्यावर मी आजींच्या हातची चिऊ पुढे केली आणि काठ उलटून एक फुलीची आणि दोन फुल्यांची खूण दाखवली. तो काही अर्जातला पुरावा नव्हे, पण त्यांनी त्याचेही छायाचित्र काढले.

माझी पाळी नंतर आली. मी चिमणाळ्यातली एक चिमणी करून दाखवली. कोणाकडून शिकलात, या प्रश्नाला मी शेजारी बसलेल्या आईंकडे हात केला.

त्यानंतर प्रतीक्षा. मार्चच्या मध्यात लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सगळीकडेच माणसे निवडणुकीच्या कामात गुंतली. एप्रिलमध्ये दोनदा आणि जूनमध्ये एकदा मी फोन करून विचारले. दर वेळी अर्ज क्रमांक सांगितल्यावर व्यवस्थित उत्तर मिळाले, तेव्हा तो क्रमांक कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. या दिवसांत सगळ्यात जड गेली ती अनिश्चितता. सव्वीस बाहुल्या जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलेल्या होत्या आणि कापूस महाग होत चालला होता.

वाट पाहताना दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बाहुल्यांचे डोळे बदलले. आजी आणि आई डोळ्यांना काळे मणी लावत आणि त्या मण्यांनी चेहऱ्याला जे पाणीदारपण येते ते दोऱ्याने येत नाही, हे मान्य आहे. पण मानक वाचताना तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यात सुटून येणारा बारीक भाग नसावा असे वाचले होते, आणि ते मनातून जाईना. सूट कागदापुरती असते. मणी निसटला तर तो मुलाच्या तोंडातच जाणार. म्हणून सव्वीसही बाहुल्यांचे मणी काढून काळ्या दोऱ्याने डोळे भरले. नथही मण्यांऐवजी गाठीच्या टाक्याची केली. तांबडा खण आधी मिठाच्या पाण्यात भिजवून, रंग जात नाही ना ते पाहूनच कापायचा, असाही नेम केला. आईंना मणी काढणे रुचले नव्हते. पण शेजारच्या दहा महिन्यांच्या नातवाने चिऊ सरळ तोंडात घातली, तेव्हा त्यांनी स्वतःच कातरी मागितली.

दुसरी म्हणजे पीएम विश्वकर्मा योजनेत आईंची नोंदणी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत बाहुल्या आणि खेळणी बनवणारेही आहेत. यात मात्र एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळतो आणि सरकारी नोकरीत असलेल्यांच्या कुटुंबीयांना तो घेता येत नाही. माझे यजमान शिक्षक असल्यामुळे माझा प्रश्न तिथेच मिटला. योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले; त्यामुळे आईंची नोंदणी स्वतंत्रपणे होऊ शकते, असे जनसेवा केंद्रात सांगण्यात आले. नोंदणीला अंगठ्याचा ठसा लागतो, आणि आईंचा ठसा लागेना. पन्नास वर्षे सुई ज्या बोटांवर टेकली, त्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. यंत्रावर अंगठा ठेवायचा, लाल दिवा लागायचा, पुसून पुन्हा ठेवायचा. सात-आठ वेळा असे झाल्यावर आईंनी हात पदराखाली घेतला आणि त्या घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. ज्या कामाने त्या कारागीर झाल्या, त्याच कामाने त्यांची ओळख पटत नव्हती, हे त्या दिवशी मला फार लागले.

त्यावर उपाय निघाला. आधार केंद्रात जाऊन दहाही बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची नोंद नव्याने करून घेतली. त्याला शंभर रुपये लागले. आदल्या रात्री आणि सकाळी हातांना खोबरेल तेल चोळले, निघताना कोमट पाण्याने धुतले आणि कोरडे केले. नोंद अद्ययावत व्हायला बारा दिवस लागले. नंतर डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा ठसा पहिल्याच वेळी लागला. सुई उजव्या हातात असते, त्यामुळे डाव्या हाताची बोटे आधी वापरून पाहावीत. पुढे स्थानिक पातळी, जिल्हा समिती आणि छाननी समिती असे तीन टप्पे असतात. तो अर्ज ऑक्टोबरमध्ये मंजूर झाला. प्रशिक्षणाला दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन आणि साहित्यासाठी पंधरा हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य आहे. कर्जाचीही सोय आहे, पण ते आम्ही घेणार नाही. प्रशिक्षणाचे बोलावणे नेमके आईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेच्या आठवड्यात आले, तेव्हा पुढच्या तुकडीत नाव घालण्याची विनंती केली आहे.

‘पहचान’ ओळखपत्रे २३ जुलै २०२४ रोजी मिळाली. दोघी मिळून गेलो. आईंनी कार्ड डोळ्यांजवळ नेले, मग लांब धरले, आणि शेवटी मला वाचायला सांगितले. मी नाव वाचले, त्यातल्या ‘बाई’सकट, आणि हस्तकलेच्या रकान्यातले शब्द वाचले. त्यांनी कार्ड पुन्हा हातात घेतले आणि परतीच्या सगळ्या प्रवासात ते पिशवीत ठेवले नाही.

दोघींच्या मिळून एसटीला १,३३० रुपये, छायाचित्रांना १२०, छायाप्रतींना ८६ आणि आधारला १०० असा १,६३६ रुपये खर्च आला. कारागीर नोंदणीला एक रुपयाही लागला नाही. दोन्ही कार्डांच्या प्रती आणि आदेशातील सूट देणाऱ्या कलमाची प्रत दुकानदारांना पाठवली. सूट कारागिराने केलेल्या आणि विकलेल्या वस्तूंना आहे म्हणून बिल आमच्याच नावाने करतो आणि दुकानाने ते जपून ठेवावे अशी विनंती केली. आता प्रत्येक बाहुलीच्या काठाशी कापडी पट्टी शिवलेली असते. तिच्यावर करणारीचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. आईंच्या बाहुल्यांवर आईंचे, माझ्यांवर माझे. चेहरा एकीचा आणि अंग दुसरीचे असेल तर दोघींची नावे असतात. हे मी केंद्रात विचारून घेतले आहे. त्या पट्टीच्या आड आजींची फुली असतेच.

तयार बाहुल्या गौरी-गणपतींच्या आधी गेल्या. बाकीच्या, आईंचा दुसरा डोळाही मोकळा झाल्यावर, म्हणजे आता डिसेंबरात पूर्ण होत आहेत. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आईंनी पहिल्यांदा पेटी उघडून मी वर्षभर केलेले चेहरे एकेक करून उजेडात पाहिले. बहुतेक बाजूला ठेवले आणि तीन माझ्या मांडीवर दिले. डोळे कानांकडे सरकले आहेत, म्हणाल्या. शनिवारी पार्सल जायचे आहे; त्या तिघींचे डोळे आज उसवून पुन्हा भरायला घेतले आहेत, आणि सुया आई ओवून देत आहेत.